एक घाव आणि सेव्ह

हुद्दा: ध्वनिसंपादक, श्रेणी दोन. सेवा: सव्वीस वर्षं. कामातील दोष: निरंक. सहकाऱ्यांशी संबंध: तक्रार नाही. वैवाहिक स्थिती: लागू नाही. (इथे ‘अविवाहित’ लिहायचं असतं, असं कारकुनाने दोनदा सांगूनही.)

अंधांसाठी बोलती पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थेच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत हा गृहस्थ बसायचा. त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. वाचणाऱ्याचा खोकला, अडखळणं, पान उलटल्याची खसखस कापणं हे त्याचं काम. सुरुवात फितीवर झाली: ब्लेडने कापा, टोकं जोडा, तुकडा केरात. पुढे संगणक आला, हात मात्र तोच राहिला.

संगणकावर याच्या दोन रीती आहेत. एकीत मूळ फाईल तशीच राहते. काय गाळायचं याची टिपणं तेवढी वेगळी ठेवतात, मन बदललं तर गाळलेलं परत येतं. दुसरीत मूळ फाईलच कापायची आणि तिच्यावरच सेव्ह करायचं. मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. कात्रीची रीत दुसरी. पहिलीला तो संसार म्हणे.

“अहो, मूळ राहू द्या की,” शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणायच्या. “जागा काय तुमच्या खिशातली जाते?”

“चुका जपायला हे संग्रहालय आहे का, बाई?”

मंगळवारी आणि शुक्रवारी वाचायला मास्तर यायचे. निवृत्त भूगोलशिक्षक, आवाज घंटेसारखा. ध्वनिमुद्रणाच्या काचेपलीकडून वाचता वाचता मध्येच थांबायचे. “कात्री, या लेखकाला पूर्णविरामाचं वावडं आहे का हो? दम लागून मेलो तर पान नंबर टिपून ठेवा.” इकडून कात्री बटण दाबून म्हणायचा, “एकशे चाळीस. मरा आता.” मास्तर इतके हसायचे की पुढची पाच मिनिटं वाया. एकोणीस वर्षांत दोघं बाहेर कधी चहालाही भेटले नाहीत. त्या दोन दिवसांखेरीज कात्रीशी कोणी चार वाक्यं सलग बोलत नसे. याची त्याला खंत होती, अशी कुठे नोंद नाही. मास्तर गेले की तो ती पाच मिनिटं कापायचा आणि सेव्ह करायचा.

गेल्या वर्षी मास्तर वारले. महिन्याभराने त्यांची मुलगी आली.

“काका, बाबा घरी मोजकंच बोलायचे. जेवलीस का, दिवा बंद कर, संपलं. आई म्हणायची, सगळं बोलणं तिकडे काचेपाशी सांडून येतात. वाचलेलं नकोय मला, ते आहे माझ्याकडे. एखादं असंच बोललेलं वाक्य असेल तर द्या.”

“बघतो,” कात्री म्हणाला.

त्याने नऊ दिवस बघितलं. एकसष्ट पुस्तकं, सगळी लख्ख. त्रेचाळिसाव्या पुस्तकात एका परिच्छेदाअखेर नुसतं ‘का’ सापडलं. ‘कात्री’मधलं की ‘कारण’मधलं, हे ठरवायला त्याने ते कितीदा ऐकलं ते त्यालाही सांगता येणार नाही. त्याच्या कामात राहिलेली तेवढी एकच चूक. हसणं कुठेच नव्हतं.

बाईंनी दारातून विचारलं, “सापडलं?”

“नाही.”

एरवी त्या ‘मी सांगत नव्हते’ म्हणाल्या असत्या. त्या दिवशी नुसत्या गेल्या.

मुलगी पुन्हा आली तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. मी कापलं, म्हणाला. तिने थोडा वेळ काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“तुम्हाला आठवतं?”

आठवत होतं. कापायच्या आधी तीन-तीनदा ऐकावं लागतं. नेमकं तेच त्याला तोंडपाठ होतं.

“मग तुम्ही बोला. ते बोलायचे तसंच.”

तिने फोन पुढे धरला. कात्रीने घसा साफ केला, पूर्णविरामाचं सांगितलं, पान नंबरचं सांगितलं. हसायची जागा आली तिथे तो थांबला, आणि मग “इथे ते हसायचे” असं म्हणाला.

ती नोंद मुलीच्या फोनमध्ये आहे. एक मिनिट अकरा सेकंद, आवाज दुसऱ्याच माणसाचा.