हिराबाईचा अंगठा

हिराबाईने उजवी मूठ आवळून धरली होती आणि मला तिचा अंगठा हवा होता. राहात्याच्या दवाखान्यातली खाट, पैसे काढायची स्लिप, शाईचं पॅड, सगळं समोर होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायातलं विष वर चढतंय, दुपारच्या आत पाय उघडून साफ केला नाही तर बाई हाती लागायची नाही. त्याआधी वीस हजार भरायचे होते. सरकारी योजनेचे कागद व्हायला दोन दिवस लागणार होते. पैसे होते, हिराबाईचेच होते, आणि ती द्यायला तयार नव्हती.

"त्येला हात लावू नको, शेवंते," ती म्हणाली. "त्ये कर्जाचं हाय."

हिराबाई आणि मी हायवेच्या कडेला शेजारी शेजारी पेरू विकायला बसायचो. बारा वर्षं बसलो. तिच्या अंगात एक घाई होती. चहा उकळता असतानाच पिऊन टाकायची. उसनं तर तिला पचतच नसे. माझ्याकडून वाटीभर साखर नेली तर संध्याकाळच्या आत परत आणायची. एकदा नेली तशीच आणून दिली, चहा न करताच. मग नेलीस कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "घरात दुसऱ्याची वाटी दिसली की मला बसवत न्हाई."

अशा बाईला नवऱ्याच्या आजारपणात पतसंस्थेचं लाखाचं कर्ज काढावं लागलं. नवरा गेला, कर्ज राहिलं. फेडायला पाच वर्षांची मुदत होती आणि जामीन मी होते. दर महिन्याला ती स्वतः जाऊन हप्ता भरायची. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. रोज संध्याकाळी पतसंस्थेचे पिग्मीवाले चांगदेवराव वसुलीला आले की उरलेला गल्ला त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "लिवा माज्या नावावर." दोन वर्षांत नील व्हायचं तिने ठरवलं होतं. खातं पूर्ण फिटलं की संस्था नील दाखला देते. त्या दाखल्याचं तिला वेड लागलं होतं.

मी तिला सांगायचे, हप्ता ठरवून दिलाय तो खाऊन-पिऊन भरायला. उपाशी राहून फेडलंस म्हणून कोणी तुझा सत्कार करणार नाही. ती म्हणायची, "तुला काय जातंय सांगाया. मी मेले तर नोटीस तुज्याच दाराला चिकटवत्याल." तिच्या थोरल्या भावाने असंच कोणाला तरी जामीन राहून दोन गाई घालवल्या होत्या. ते तिने पाहिलं होतं. ती भ्यायची ती माझ्यासाठी, हे मला कळत होतं. तरी राग यायचा.

तिला साखरेचा आजार होता. गोळ्या घेतल्या का विचारलं की "घेतल्या" म्हणायची. लंगडताना दिसली तेव्हा पायावर पेरूचं क्रेट पडलं म्हणाली. फडकं बांधून महिनाभर बसली. त्या सकाळी गिऱ्हाइकाला पेरू तोलता तोलता तराजूसकट खाली आली. तिला टेम्पोत घालताना फडकं सुटलं. वास आला तेव्हा मला सगळं कळलं. गोळ्या सहा महिन्यांपासून बंद होत्या, तेही पैसे ती कर्जासाठी म्हणून देत होती.

तिला दवाखान्यात ठेवून मी पतसंस्थेत गेले. माझ्याच नावावर काही मिळतं का विचारायचं होतं. क्लार्कने हिराबाईचं खातं उघडलं आणि म्हणाला, मावशी, यांचेच पैसे आहेत की. कर्ज ठरल्या हप्त्याने जेवढं कमी व्हायचं तेवढंच झालं होतं, एक रुपया जास्त नाही. रोजचे पैसे पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात, साठले होते, एकेचाळीस हजार. चांगदेवरावांना "माज्या नावावर" म्हणजे तिच्या पिग्मीच्या खात्यावर वाटलं. तिला वाटलं कर्जावर. तिच्या नावावर दुसरं होतं काय?

पिग्मीचं पुस्तक रोज तिच्या कमरेच्या पिशवीत असायचं. तिला वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, मला येत होतं. एकदाही ते उघडून पाहिलं नाही.

चांगदेवराव माझ्याबरोबर स्लिप घेऊन दवाखान्यात आले. काय झालंय ते मी हिराबाईला सांगितलं.

"मंजी कर्ज हुतं तेवढंच हाय?"

"ठरल्याप्रमाणं फिटतंय."

"मंग ह्ये समदं आत्ताच्या आत्ता त्यात भर. माजं काय व्हायचं त्ये हुंदे."

"तू गेलीस तर उरलेलं मी फेडीन," मी म्हणाले. "राहिलीस तर तू फेड. महिन्याच्या महिन्याला, गोळ्या खाऊन."

"न्हाई." तिने मूठ छातीशी ओढली. "माज्या मरनाचं ओझं तुज्यावर न्हाई टाकायचं मला."

चांगदेवराव म्हणाले, ताई, त्यांची मर्जी नसेल तर मला घेता येणार नाही. मी म्हणाले, मग तुम्ही खिडकीतून बाहेर बघा. ते खिडकीकडे वळले. मी तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. आयुष्यभर क्रेट उचललेला हात, पण त्या दिवशी त्यात जोर नव्हता. ती शुद्धीत होती. माझ्याकडे बघत होती. अंगठा शाईत दाबला आणि स्लिपवर उठवला.

दुपारी पाय साफ केला. दोन बोटं काढावी लागली. बारा दिवसांनी कोपरगावहून तिची लेक न्यायला आली. रिक्षात बसताना हिराबाई मला म्हणाली, "तू माजा हात चोरलास." मी हो म्हणाले. खोटं काय बोलायचं?

ती आता लेकीकडेच असते. गोळ्या घेते आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला भरते, असं लेक फोनवर सांगते. माझ्याशी ती बोलत नाही. मी अजून हायवेला बसते.

हिराबाई जगली.