ज्वारीच्या पिठातली कोरियन अक्षरं

सून बिदर शहरातल्या मैलूर भागात वाढलेली. आमचं राजेश्वर गाव मोठं असलं तरी खेडंच. लग्नाला तीन महिने होत आले, पण पोरीच्या तोंडातून "व्हय" आणि "न्हाई" याखेरीज शब्द निघेना. मला भांडणारं माणूस चालतं, तोंडाला कुलूप लावलेलं सोसत नाही. ही इथं रुळणार की पाहुणीसारखीच राहणार, याचा मला घोर लागला होता.

ती हसायची ती फक्त मोबाईलवरच्या कोरियन मालिका बघताना. कोरियन अक्षरं लिहायचं वेड तिला कॉलेजपासूनचं. एका सकाळी भाकरीसाठी परातीत पीठ घेतलं आणि म्हटलं, "मलाबी शिकव की ती अक्षरं. कन्नड बाजारात शिकले, उर्दू शेजारणीकडून. ही काय मला खायलीत व्हय?"

तिनं पीठ हातानं सपाट केलं. एक गोल, शेजारी उभी काडी, काडीला उजवीकडं छोटा फाटा. हा झाला 'आ'. फाटा नसला की 'ई'. मी लगेच 'आई' लिहिलं आणि वरून लांब रेघ ओढली. शाळेपासूनची सवय, शिरोरेघ दिल्याशिवाय माझा हात थांबतच नाही.

"आत्याबाई, त्याला टोपी कामून घालायलाव?" म्हणत पोरगी इतकी हसली की नाकाला पीठ लागलं. मला फार बरं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. आधी अक्षरं, मग पाणी ओतून पीठ मळायचं. आमचा धडा भाकरीतून घरभराच्या पोटात जायचा. टोपी मात्र माझ्याकडून सुटेना. मी घालायची, ती बोटानं पुसायची, आणि मधल्या वेळात तिच्या माहेरच्या गप्पा निघायच्या.

पंचमीला ती माहेरी गेली. घर पुन्हा गप्प झालं. ती परत यायच्या दिवशी मी उंबऱ्यासमोर रांगोळीनं त्या अक्षरांत 'ये' लिहिलं. हात आवरून, टोपी न घालता.

"अक्का, ह्ये कसलं चित्र काढलाव?" शेजारीण म्हणाली.

"ज्याला कळायचं त्याला कळतंय," मी म्हटलं.

दुपारच्या बसनं सून आली. पिशवी खाली ठेवून वाकली, वाचलं, आणि मान हलवली. काहीतरी चुकलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं रांगोळीची चिमूट उचलली आणि माझ्या 'ये'वर सरळ, लांब रेघ ओढली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आपल्या घरची टोपी राहिली की."