पुढच्या सीटवरची मांडी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली, आणि पहिल्याच रविवारी आई सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. मांडीवर माझी साडेचार वर्षांची मुलगी. आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे हीच रीत होती. पुढची सीट घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि त्यांच्या मांडीवरच्या लेकराची. बायकोने मागे बसायचं. मान राहतो, पोराला समोरचं दिसतं, आणि आजीच्या मिठीपेक्षा सुरक्षित जागा कुठली असणार?

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर कारकून होतो. नसत्या चौकशा करायची मला खोड. एका दुपारी ट्रकमध्ये सळ्या भरून झाल्यावर साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर साखळ्या आवळत होता. एवढा जड माल, तो कुठे हलणार आहे, असं मी त्याला विचारलं.

"ब्रेक मारला की गाडी थांबती सायेब, माल न्हाय थांबत. केबिन फोडून फुडं येतो," तो म्हणाला. मग सहज विचारलं, "गाडी घेतली म्हनं तुमी. पोरगी कुठं बसती?"

"पुढे. आजीच्या मांडीवर."

"म्हंजी मोकळीच," म्हणाला आणि पुढची साखळी ओढायला गेला.

संध्याकाळी बिल्डिंगखाली मी गाडीतल्या प्रत्येक जागेवर बसून पाहिलं. पुढे काच हातभर अंतरावर. मागे खिडकीशी बसलं तर शेजारी फक्त दाराचा पातळ पत्रा. मधली जागा दोन्ही दारांपासून सगळ्यात लांब, म्हणून मी खूश झालो. पण तिथे बसून समोर बघितलं तर अडवायला काहीच नव्हतं. दोन सीटच्या फटीतून थेट काच. म्हणजे मधली जागा सगळ्यात चांगलीही होती आणि सगळ्यात वाईटही, फक्त पट्टा असण्या-नसण्याचा फरक. पट्टा शोधायला मी सीटच्या खाचेत हात घातला. आधीच्या मालकाने मागचे तिन्ही पट्टे टोचतात म्हणून आत कोंबून ठेवले होते. मधला पट्टा नुसता कमरेचा होता, पण होता. लहान मुलांसाठी वेगळी सीट मिळते, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

आईला सांगितलं तर ती दुखावली. "तुम्हा तिघा भावंडांना कडेवर घेऊन मी एसटीने कोकणात गेले आहे. माझ्या हातातून पोर सुटेल असं वाटतं तुला?"

मग मी वाण्याच्या काट्यावर मुलीला उभं केलं, आणि तेवढ्याच वजनाची तांदळाची गोणी बांधून घेतली. रविवारी बेलापूरला सरकारी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे. बायको आणि मुलगी फुटपाथवर थांबल्या. आईला मी पट्टा लावला आणि गोणी तिच्या मांडीवर दिली.

"घट्ट धर. ब्रेक कधी मारणार ते सांगणार नाही."

"मार की," ती म्हणाली. तिने गोणीला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

रिक्षाच्या वेगाने थोडं पुढे जाऊन मी ब्रेकवर पाय दाबला. गोणी तिच्या हातांतून निसटली, समोरच्या डॅशबोर्डवर आदळली आणि खाली पडली. तांदूळ तिच्या पायांवर सांडले. आम्ही कशावर आदळलोही नव्हतो.

क्षणभर मला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला. मग मी आईकडे पाहिलं. तिचे हात अजून तसेच, रिकामी मिठी मारून होते.

"मी सोडली नव्हती रे," ती म्हणाली. "खरंच नव्हती सोडली."

मी तिचा पट्टा काढला. ती उतरली, फुटपाथवरून नातीला हाताला धरून आणलं, मागच्या सीटवर मधोमध बसवलं आणि पट्टा मला लावायला सांगितला. मी लावल्यावर तिने तो दोनदा ओढून पाहिला. मग पुढे न येता ती नातीच्या शेजारी बसली, आणि बायकोला म्हणाली, "तू जा पुढे."