माझ्या साडूंपुढे खोकू नये

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यांना राग येतो तोही दुसऱ्याच्या दुखण्यावरून. मोर्शीजवळच्या त्यांच्या गावात कोणी त्यांच्यासमोर खोकत नाही की कंबर धरून उठत नाही. ‘काही नाही, जरा लचक भरली’ असं कोणी म्हणालंच, तर ते त्याच्यावर असे तुटून पडतात की त्याला लचक परवडली असं वाटावं. अकोल्याला माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे वडील अवघडून उभे दिसले, तर यांनी मंगलाष्टकं थांबवून खुर्ची मागवली. त्या गृहस्थांना नुसते नवे बूट चावत होते. आम्ही मुलीकडचे लाजेनं अर्धे झालो; साडू मात्र बूट काढायला लावूनच स्टेजवरून उतरले.

हा राग त्यांनी फौजेतून आणला. ऐन उमेदीत तिथे दरडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा दुखावला. सांगितलं तर कामचोर म्हणतील, म्हणून ते गप्प राहिले आणि ओझी वाहत राहिले. हात वर जाईनासा झाला तेव्हा त्यांना घरी पाठवलं, आणि पाठवताना वर विचारलं, आधी का नाही सांगितलं? हे आठवलं की माझंही डोकं फिरतं. गोळी लागलेल्याला जिवावर उदार होऊन उचलून आणणारी माणसं, दुखणं लांबलं की त्याच माणसाकडे संशयानं कशी बघतात?

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळणं चाललं होतं. सोबत त्यांचा पुतण्या होता. तोही फौजेत, सुटीवर आलेला. खाली ठेवलेली वाटी घेऊन उठताना त्यानं खुंट्याचा आधार घेतला. साडूंनी तिथल्या तिथे त्याला पँट वर करायला लावली. गुडघा चांगलाच सुजलेला होता.

“बैलाचा खांदा सुजला तं त्याले आपन जुपत नाही,” साडू कडाडले. “तू हा गुडघा घेऊन कुठी चालला?”

“मोठेबाबा, सांगतलं का बढती गेली,” तो खाली बघत म्हणाला. “अन् सोबतचे म्हनतात, काम नको म्हनून लंगडून राहिला.”

“दुखते म्हननाऱ्यालेच सजा देत असन, तं कोन सांगन? जवान काय बैलापेक्षा सस्ता हाय?” बैल बिचकून मागे सरले. उरलेलं लोणी पुतण्याच्या गुडघ्याला चोळतानाही साडूंचं तोंड चालूच होतं. गेल्या गेल्या डॉक्टरला गुडघा दाखवीन, असं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

पोळा झाल्यावर आम्ही त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पोरगा पाया पडला, बॅग खांद्यावर टाकली आणि ताठ चालत, कशालाही न धरता अमरावतीच्या गाडीत चढला.

“नाही सांगनार तो,” साडू म्हणाले. “मीबी असाच चालत गेलो होतो.”

हे ते इतकं हळू बोलले, की त्यांनी निदान माझ्यावर तरी ओरडावं असं मला वाटलं.