सासऱ्यांच्या मातीवर खडी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्यात नगरपालिकेनं पत्रक काढलं होतं: मातीच्या भिंती आणि कौलं ठेवून, परसातली झाडं न तोडता घर बांधलं, तर परवाना लवकर आणि घरपट्टीत सूट. आमचं घर एका बाजूनं खचलेलं, नवं बांधणं भागच होतं. सासरे मातीच्या भिंती घालणारे जुने कारागीर. सिमेंट आल्यापासून त्यांना कुणी बोलावत नव्हतं. पत्रक घेऊन नगरपालिकेचा ओव्हरसियर घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, पहिलं घर तुमचं होऊ द्या. बाकीचे बघून शिकतील."

त्याच दिवशी सासऱ्यांनी परसात खड्डा खणला. माती, पाणी, भाताचा पेंढा. रोज सकाळी धोतर खोचून ते तुडवायचे. म्हातारा गुणगुणायलाही लागला होता.

आणि मी! पेणला बहिणीचं स्लॅबचं घर झालेलं, गच्चीवर तिचे पोह्यांचे पापड वाळायचे. मलाही गच्ची पाहिजे होती. पापड मला धड लाटता येत नव्हते, तो भाग वेगळा.

"मामंजी, वास मारतोय."

"मुरतेय गो ती. मुरल्याबिगर भिंत उभी राहत नाय."

"कंपनीत शिफ्ट करणारे सगळे स्लॅब टाकतात. आपणच चिखल तुडवतोय. लोक हसतील."

"मग एक खोली तरी मातीची ठेव, सूनबाय. माझी."

"एका घराला दोन तोंडं? छान दिसेल!"

नवरा मध्ये सापडलेला. त्याला मी माझ्या बाजूला कसा वळवला, ते आता माझ्या नातींसमोर सांगण्यासारखं नाही.

सोळाव्या दिवशी खडीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं ओतू?" मी महाराणीसारखं खड्ड्याकडे बोट केलं. सासरे काठावरच उभे होते. विहिरीवर जाऊन त्यांनी पाय धुतले, नखांतली माती काडीनं काढली. परत परसात म्हणून गेले नाहीत.

स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात भाजून निघायचो. ते उघड्या अंगानं फरशीवर पडायचे आणि मलाच म्हणायचे, "थंड हाय गो फरशी." दुसऱ्या उन्हाळ्यात गेले.

महिन्याभरानं ओव्हरसियर पुन्हा आला. नदीकडच्या एकाला मातीचं घर बांधायचं होतं, आजोबांना न्यायला आला होता. ते गेल्याचं मी सांगितलं. तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, "वहिनी, पेंढा किती घालायचा, केव्हा घालायचा, तुम्हाला माहीत असेल ना? तुमच्यासमोरच तर तुडवत होते."

पंधरा दिवस मी समोर होते. एकदाही विचारलं नव्हतं.

"नाय माहीत," मी म्हटलं.

त्या नदीकडच्या माणसानंही मग स्लॅबच टाकला.