बाभळीपाशी गुरुजी

हबीबचाचा स्वतःच्याच वावरात शिरताना खाकरायचे. सायकल फाटकाला टेकवायची, गळा साफ करायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. शेजारच्या वावरातून मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिडीचा खोकला असेल. विचारलं तर म्हणाले, "लोकाच्या घरात सांगूनच शिरा लागते ना, गुरुजी. आपुन घडीभर येतो, ते तं इथंच राह्यतात." ते म्हणजे साळुंक्या, कोतवाल, भारद्वाज, मुंगसं आणि विहिरीच्या दगडांत राहणारी एक म्हातारी घोरपड.

आर्णीच्या बाजारात चाचांचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. सकाळ वावरात, दुपारनंतर दुकानात. मी तिथल्याच शाळेत मास्तर. आमची वावरं लागून होती, मधला धुरा, म्हणजे बांध, दोघांचा. त्या धुऱ्यावर मधोमध एक जुनी बाभूळ होती. सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली आम्ही डबे उघडायचो. माझ्या डब्यातला ठेचा त्यांच्याकडे जायचा, त्यांच्या डब्यातला खिमा माझ्याकडे यायचा. माझ्या घरी हे वीस वर्षं कोणाला कळलं नाही.

झाडापाखरांचं हे वेड त्यांनी चिखलदऱ्याहून आणलं होतं. तरुणपणी तिथल्या एका कॉफीच्या बागेत ते पंप सांभाळायला होते. आपल्या विदर्भात कॉफी होते, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. चाचा सांगायचे, "मालक मोठा जिद्दी माणूस. जंगलातलं एक झाड तोडू देल्लं नाई त्यानं. झाडाची सावली कॉफीले, झाडावरचं पाखरू अळीले. रानगवा बी बागेतून जाये, पण त्याले कोणी हाकलत नसे." येताना त्यांनी दोन रोपं आणली. एक वाळलं. दुसरं हमीदाचाचींनी विहिरीपाशी, उंबराच्या दाट सावलीत लावलं, आणि पंपाच्या गळक्या पाण्यावर ते आमच्या उन्हाळ्यातही तगलं. दर हिवाळ्यात त्याला ओंजळभर लाल फळं यायची. ती वाळवून, तव्यावर भाजून, खलबत्त्यात कुटून चाची कॉफी करायच्या आणि ओळखीच्या सगळ्यांना बशी-बशीभर वाटायच्या. खरं सांगतो, ती करपलेल्या तुरीसारखी लागायची. पण एकदाही कोणी नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. बोंड वरून साजरं दिसायचं आणि फोडलं की आत अळी. सगळे फवारणीवर फवारणी करत होते, मीही करत होतो. चाचांनी वावरात जागोजाग बांबूचे थांबे रोवले, कोतवालानं त्यावर बसून अळ्या टिपाव्यात म्हणून. कडेचा ज्वारीचा एक तास, म्हणजे एक ओळ, ते कापतच नसत, तो पाखरांचा. "पऱ्हाटीले कॉफीसारखी सावली चालत नाई, हे मलेबी समजते," ते कपाशीबद्दल म्हणायचे. "म्हून झाडं धुऱ्यावर. अन् पाखरू हा एकच मजूर हाये गुरुजी, जो आगाऊ पैसे मांगत नाई." त्यांना आमच्यापेक्षा जास्त कापूस व्हायचा, असं मी म्हणणार नाही. फवारणी मात्र निम्म्यानं कमी लागायची, आणि त्यांचा सालदार गडी कधी फवारताना चक्कर येऊन पडला नाही.

एकदा मी दुकानात बसलो होतो, तेव्हा एक ओळखीचा शेतकरी आला. रानडुकरांनी नाकी नऊ आणले होते, त्याला कुंपणाच्या तारेत करंट सोडून हवा होता. चाचांनी हातातली मोटर खाली ठेवली. "करंट पाणी काढाले हाये, जीव काढाले नाई. उद्या त्या तारेले तुहाच पोरगा चिकटला तं मले हाक मारशीन काय?" तो माणूस रागानं निघाला. चाचा दुकान बंद करून त्याच्यामागे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या कुंपणाला रिकामे डबे आणि जुन्या साड्या बांधत बसले. माणूस म्हणून मी त्यांच्यापुढे किती लहान आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

चाची गेल्या आणि त्यानंतर वर्षभरात चाचा विसरू लागले. एका मोटरीची वायर दुसरीत घातली, तेव्हा त्यांचा मुलगा सलीम घाबरला. माझी मुलगी वैदेही नागपूरला डॉक्टर, म्हाताऱ्यांच्या मेंदूचाच तिचा अभ्यास. आम्ही चाचांना तिच्याकडे नेलं. तिनं वार विचारला. ते म्हणाले, "वार तं नाई सांगता येत बेटी, पण तुरीले फूल आलं हाये." मग ती म्हणाली, एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची, पाखरांची नावं सांगा. चाचांनी डोळे मिटले, हळूच खाकरले आणि सुरू झाले. "फाटकावर चिमणी. कडुलिंबावर साळुंकी, तिचा जोडीदार. खाली मुंगूस." नावानावात अंतर पडत होतं. मिनिट संपलं तेव्हा सहाच नावं झाली होती. "थांब ना बेटी," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अजून म्या विहिरीपावतर बी नाई पोचलो."

वैदेही हसली, पण बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाबा, आजार सुरू झाला आहे, तो थांबणार नाही. पण चाचांचं मन त्या वावरातून चालतं. एकेका जागेला त्यांची आठवण बांधलेली आहे. जोवर ती वाट आहे तशी आहे, तोवर त्यांना आधार आहे. तिच्यात काही बदलू नका." सलीमला आम्ही समजावलं, म्हणून त्यांचं वावरात जाणं चालू राहिलं.

चाचांनी त्यावर आपली युक्ती काढली. रोज सकाळी ते झाडाझाडाला हात लावून एकेक नाव मोठ्यानं घेत. कडुलिंबापाशी सलीम. उंबरापाशी हमीदा. बाभळीपाशी गुरुजी. मला हसून म्हणाले, "तुमाले बाभळीवर टांगून ठेवलं हाये, गुरुजी. आता कसे पयता?"

मीही हसलो होतो. पण पुढच्या हंगामाच्या तोंडाशी ट्रॅक्टरवाला म्हणाला, बाभळीमुळे वळता येत नाही. तिच्या सावलीत माझे कपाशीचे दोन तास दरवर्षी खुरटायचे, आणि त्या वर्षांत दोन तासही सोडवत नव्हते. चाचा भाचीच्या लग्नाला बोरी अरबला गेले होते. मी सलीमला विचारलं. तो म्हणाला, "तोडा ना सर, त्यात काय?" ज्याला विचारायचं त्याला मी विचारलं नाही. वैदेहीनं सांगितलेली वाट म्हणजे पायवाट, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि बाभूळ तोडली.

चाचा परत आले. फाटकाशी खाकरले, कडुलिंबाला हात लावून "सलीम" म्हणाले, उंबराला हात लावून "हमीदा" म्हणाले. मग धुऱ्यानं चालत आले आणि थांबले. त्यांनी हात पुढे केला, तिथे काहीच नव्हतं. हात तसाच राहिला. मी समोरच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "काय पायजे भाऊ? मोटर जळली काय?"

वैदेही फोनवर म्हणाली, आज ना उद्या हे होणारच होतं, एका झाडानं माणूस जात नाही. मी म्हटलं, तू शपथेवर सांगशील?

त्याच पावसात मी तिथे बाभळीचं रोप लावलं आणि शाळा सुटली की तिथेच डबा घेऊन बसू लागलो. ठेचा आणायचो. चाचा रोज नव्या माणसासारखे यायचे, बसा म्हटलं की बसायचे, खायचे. एकदा खाता खाता म्हणाले, "इथं एक बाभूळ होती. तिच्याखाली माहा दोस्त बसे. गुरुजी. भल्ला साजरा माणूस. बाभूळ तोडली कोणीतं, मंग तो बी आला नाई."

मी विचारलं, "कोणी तोडली, चाचा?"

"असंन कोणी अडचणीतला," ते म्हणाले. "नाई तं कायले तोडंन?" आणि उरलेली भाकर कुस्करून त्यांनी साळुंक्यांना टाकली.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी चाचा गेले. सलीमनं धुऱ्यावरचं एकही झाड तोडलं नाही. ज्वारीचा तास तो अजून सोडतो, कॉफीही बशी-बशीभर वाटतो, आणि ती अजूनही तशीच लागते. बाभूळ आता पुन्हा पहिल्यासारखी डेरेदार झाली आहे. माझे दोन तास पुन्हा खुरटतात.

मी सत्तरीला आलो. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कालच सुनेला मुलीच्या नावानं हाक मारली. म्हणून रोज सकाळी फाटकाशी खाकरून वावरात शिरतो, धुऱ्यानं चालत जातो, काटे चुकवून बाभळीच्या खोडाला हात लावतो आणि मोठ्यानं म्हणतो, "हबीबचाचा."