गणिताचा कौल

माझ्या बायकोच्या माहेरच्या देवाला आजवर सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल, तर ते तिच्या आतेने. नवस बोलून विसरणारे, कोंबडा कबूल करून नारळावर भागवणारे भक्त आमच्या कोकणात पैशाला पासरी मिळतील. पण देवाला समोर धरून त्याची तोंडी परीक्षा घेणारी भक्त मी एकच पाहिली. आते रत्नागिरीच्या एका शाळेत दहावीपर्यंतचं गणित शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आता मालगुंडच्या अलीकडच्या एका गावात, जांभ्याच्या चार खोल्यांत, एकटी राहते. नात्याने ती माझ्या बायकोची आते, पण गावात लहानथोर सगळेच तिला आते म्हणतात. माझी मुलगी मुक्ता एकदा तिला नात्याप्रमाणे आजी म्हणाली, तर आतेने चष्मा वर करून विचारलं, "कुठली आजी? आईची आई की बाबाची आई? दोन्ही नाही ना? मग?" तेव्हापासून मुक्ताही आतेच म्हणते.

घाटावरच्या वाचकांना कौल म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. आमच्याकडे विहीर खणायची असो, सोयरीक जमवायची असो की मुंबईची नोकरी सोडायची असो, माणूस आधी ग्रामदेवतेकडे जातो. गुरव देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून डोळे लावून बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाकीचे लोक गुरवाला "वायच विचारून बघ" एवढंच सांगतात आणि काय बोलायचं ते त्याच्यावर सोपवतात. आतेला हे बेजबाबदारपणाचं वाटतं. ती घरून प्रश्न तयार करून नेते आणि गुरवाला भूमितीतलं प्रमेय सांगावं तसं सांगते. आधी पक्ष, मग साध्य. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी तिने घातलेलं गाऱ्हाणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "मुलाचा पगार आहे तेवढाच राहील असं धरलं, आणि दोघांचे स्वभाव पुढे बदलणार नाहीत असं मानलं, तर ही सोयरीक टिकेल का?" गुरव हातात कळ्या घेऊन तसाच उभा. म्हणाला, "बाई, जरा सोप्पा करून सांगा. देव जुना हाय आमचा." आते म्हणाली, "देवाला समजलंय. तुला समजलं नाही, ते वेगळं."

कोणी म्हणेल, गणिताची बाई आणि कौल कसला लावते? मीही नवा जावई असताना हे विचारण्याचा शहाणपणा केला होता. त्यावर आतेने मला समोर बसवलं, आंबोळी वाढली आणि म्हणाली, "हे बघा जावईबापू, गणितात उत्तर असतंच. आपल्याला सापडत नाही एवढंच. पण पोराने मुंबईला जावं की इथे राहावं, याला उत्तर कुठे असतं? जिथं उत्तर नाही तिथं देवाला विचारायचं. फक्त नीट विचारायचं." मागे तिच्या धाकट्या भावाने परसात विहीर खणायची म्हणून परस्पर कौल घेतला. पाणी लागेल का? उजवी पडली. कातळ फोडला, पाणी लागलं, आणि ते मचूळ निघालं. भाऊ देवावर रुसून बसला. सगळ्या गावात देवाची बाजू घेणारी आते एकटीच. "देव खोटं बोलला नाही हां. पाणी लागेल का विचारलंस, लागलं. गोडं लागेल का, हे तू विचारलंस?" भाऊ पुढे वर्षभर तिच्याशी बोलत नव्हता, पण विहिरीवर भांडी घासायला आते जायचीच.

हा तिचा स्वभाव देवापुरता असता तर आम्ही निभावून नेलं असतं. पण अर्धवट प्रश्न तिला कुठेच चालत नाही. "कशी आहेस आते?" असं फोनवर विचारलं की, "कालच्यापेक्षा की गेल्या महिन्यापेक्षा?" मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली की कोळणीला "कसे दिले?" असं कधी विचारणार नाही. "हे पाच बांगडे, डोकी धरून, साफ न करता, काय घेशील?" कोळणी आधी भांडायच्या. हल्ली आते दिसली की एकमेकींना ढोसतात, "गप ऱ्हवा, शाळा आली." आंब्याच्या वड्या ती समभुज त्रिकोणातच पाडते, आणि कडेला उरलेले वेडेवाकडे तुकडे स्वतः खाते, कारण ते पाहुण्यांना देण्याच्या आकाराचे नाहीत. तिच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज बँकेत, कचेरीत, दवाखान्यात सगळीकडे आहेत. आते समोर दिसली की चांगले पोट सुटलेले साहेब शर्ट खोचतात.

तर अशी ही आते, आणि आमच्या मुक्ताचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. घरात पेढे आले आणि पेढ्यांपाठोपाठ वाद आला. अकरावीला शास्त्र शाखा घ्यायची हे ठरलं होतं, पण गणित घ्यायचं की सोडून द्यायचं? पूर्वपरीक्षेत मुक्ता गणिताच्या पेपरला मध्येच अडली होती, घाम फुटून अर्धा तास नुसती बसून राहिली होती. पुढे बोर्डात निभावलं, पण तो अर्धा तास तिच्या मनातून गेला नव्हता. माझ्या बायकोचं म्हणणं सरळ होतं. अकरावीचं गणित वेगळं असतं, भल्याभल्यांची दांडी उडते, जीवशास्त्र घे, फिजिओथेरपीला जा, जिवाला शांतता. क्लासवाले म्हणाले, दोन्ही घेऊन ठेवा, पुढे बघू. मी म्हणालो, "तुला आवडेल ते घे," आणि लगेच पुढे, "पण इंजिनिअरिंगचा रस्ता बंद करू नकोस म्हणजे झालं." थोडक्यात, प्रत्येकाने तिला मोकळीक दिली आणि मोकळीक कशी वापरायची तेही सांगितलं. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली. गणित तिला आवडायचं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पण आपल्याला ते झेपणार नाही असं तिने जवळजवळ ठरवून टाकलं होतं, आणि एकदा तिने ते सोडलं असतं तर पुन्हा त्या वाटेला गेली नसती.

बायको म्हणाली, आतेला विचारू. आम्ही गावी गेलो. आता आतेला गणिताबद्दल विचारायचं म्हणजे ती दिवसभर बोलेल, या तयारीने मी गेलो होतो. पण आते काहीच बोलेना. मुक्ताची गुणपत्रिका बघितली, घडी घातली, परत दिली. "मी काय सांगणार? कौल लावू," म्हणाली आणि फणसाचे गरे काढायला बसली. रात्री जेवताना नाही, सकाळी चहाला नाही. मी मुद्दाम विषय काढला तर "तेल संपलंय का बघते" म्हणून आत गेली. आतेला गणितापासून पळताना मी पहिल्यांदा बघत होतो.

सकाळी देवळात गेलो. गुरवाने कळ्या लावल्या, आमच्याकडे न बघता आतेकडे बघितलं आणि म्हणाला, "हां बाई, सोडा." आतेने हात जोडले. पक्ष नाही, साध्य नाही. नुसते ओठ हलले. मग घाईघाईने, कोणी मागे लागल्यासारखी म्हणाली, "देवा, पोरीने गणित घ्यावं की घेऊ नये, काय ते सांग."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणेपर्यंत उजवी पडली. टपकन पडली.

"म्हाराजानं उजवी दिलीन!" गुरव खूश. देव सहसा इतका लवकर पावत नाही.

"म्हणजे घ्यावं," मी म्हणालो.

"का?" बायको म्हणाली. "घेऊ नये, असंही आतेने विचारलंच की. त्याला उजवी पडली."

गुरवाचं तोंड उतरलं. त्याने एकदा कळीकडे बघितलं, एकदा आतेकडे. "बाई, ही उजवी कशाची धरायची वो?" मी म्हटलं, पुन्हा लाव. पण लागलेला कौल त्याच दिवशी पुन्हा लावत नाहीत, आणि हा नियम गुरवाला पाठ करायला लावणारी आतेच होती. ती म्हणाली, "नाही. देवाने उत्तर दिलंय. प्रश्न मी चुकवला." एवढं बोलून ती बाहेर गेली आणि देवळाच्या पायरीवर बसली. बायको तिच्यामागे जायला निघाली, पण त्याआधी मुक्ता जाऊन शेजारी बसलेली होती. आम्ही दोघं दारातच थांबलो.

मुक्ता म्हणाली, "आते, देवाचं राहू दे. तुला काय वाटतं?"

आतेच्या प्रश्नांची सगळ्या गावाला धास्ती. तिला स्वतःला काय वाटतं, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. मग ती पायरीकडे बघत बोलायला लागली. "मला वाटतं तू घ्यावंस. इतकं वाटतं की नीट विचारायचा धीरच झाला नाही गो. डावी पडली असती तर काय केलं असतं मी? मुद्दाम नाही चुकवला. जीभच वळेना."

"तू का नाही शिकलीस पुढे गणित?"

"माझा कौल लावला होता वडिलांनी. कॉलेजला गणित घ्यायचं म्हणून मी हट्ट धरला होता, तेव्हा. डावी पडली. मग डी.एड.ला घातलं मला. बी.ए. केलं ते नोकरीत राहून, तेही मराठी घेऊन. शाळेत गणिताला कोणी मिळेना म्हणून माझ्या हातात खडू आला, नाहीतर तोही आला नसता."

"देव नाही म्हणाला?"

"डावी पडली एवढंच मला सांगितलं. काय विचारलं होतं ते कोणी सांगितलं नाही. मी आत नव्हते. मला पाणी आणायला पाठवलं होतं." आतेने पदराने चष्मा पुसला. "गणित घेऊन भलं होईल का असं विचारलं, की लग्नाला अडचण येणार नाही ना असं विचारलं, की आणखी काही? वडील गेले, तो गुरवही गेला. आता कोणाला विचारू?"

इतकी वर्षं ज्या सवयीवर आम्ही हसत आलो ती कुठून आली होती, हे मला त्या दारात उभं असताना कळलं. माझ्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी गुरवाला दक्षिणा दिली. त्याने ती मुकाट्याने घेतली आणि तोही दारातून बाहेर बघत राहिला.

परत येताना मुक्ता गाडीत खिडकीबाहेर बघत होती. आरे-वारेचा चढ चढल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, मी घेते गणित. अडले तर अडले." तिची आई काही बोलली नाही, आणि माझ्या बायकोच्या बाबतीत यालाच संमती धरतात. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन आम्ही तसं सांगून आलो. पहिल्या चाचणीत मुक्ताने जेमतेम पास होण्याइतके मार्क आणले, बायकोने दोन दिवस भांडी जोरात आपटली, मग हळूहळू सगळं रुळावर आलं. मुलगी फार मोठी हुशार निघाली अशातला भाग नाही. अडते, चिडते, पुन्हा बसते. पण सोडत नाही.

आता ती बारावीला आहे. सुट्टी असली की पुस्तकं घेऊन गावी जाते. सुरुवातीचे काही महिने आते तिला शिकवायची. मग पुस्तक आतेला माहीत असलेल्या हद्दीच्या पुढे गेलं, आणि त्या दोघींनी काही न बोलता जागा बदलल्या. आता मुक्ता बोलते आणि आते ऐकते. गेल्या रविवारी मी तिला आणायला गेलो, तेव्हा दोघी ओटीवर होत्या. मुक्ता लिमिट का काय ते सांगत होती. "हे त्याच्या जवळ जातं, आणखी जवळ जातं."

"पोचतं का?" आतेने विचारलं.

"नाही पोचत. जवळ जात राहतं."

"मग उत्तर कसं आलं?"

मुक्ताने सांगितलं. कागदावर काढून दाखवलं, हातवारे करून दाखवलं. आते पुढे वाकून बघत होती, आणि मान डोलावत होती. शाळेत जिने एकाही पोराला न समजता मान डोलावू दिली नाही, ती मान डोलावत होती. मला ते बघवेना. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो.

"आते," मुक्ता म्हणाली, "तुला कळलं नाहीये."

"नाही कळलं," आते म्हणाली. "माझ्यासाठी अडू नकोस तू. पुढचं पान घे. मला ऐकायला बरं वाटतं."

मुक्ताने पान उलटलं नाही. पेन्सिल आतेच्या हातात दिली, कोरा कागद पुढे ओढला आणि तेच उदाहरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सांगायला घेतलं.